गुरुवारचं वाचन

हे मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. नवरा गेला, त्यांच्या कानावर नाही. मुलगी आता स्वतः आजी झाली, तिलाही नाही. देवापुढे? देवापुढेसुद्धा मी गोल गोलच बोलले. "काही चुकलं असेल तर..." असं. असेल तर! जसं मला ठाऊकच नव्हतं.

तुला सांगते. आजच का, तर परवा नातीनं मला तिच्या फोनवर काहीतरी दाखवलं. ती पुण्याला असते. तिथं म्हणे एक केंद्र आहे. बाईवर जीव जडलेल्या बायका, पुरुषावर जीव जडलेले पुरुष, असे सगळे तिथं उघडपणे येतात. पुढच्या महिन्यात काय काय आहे ते छापलं होतं: एका रविवारी कविता, एका रविवारी नाटक, आईवडलांसाठी गप्पांची बैठक. नात म्हणाली, "आजी, तुला नवल वाटत असेल ना?" मी म्हटलं, हो बाई, नवलच. आणि चष्मा पुसायला घेतला.

नवल नव्हतं वाटलं. असे कार्यक्रम मी स्वतः फळ्यावर लिहिलेले आहेत. अकोल्यात. महाराष्ट्र झाला त्या सुमाराला. फक्त आमच्या फळ्यावर खरं नाव लिहिता येत नव्हतं.

माझं माहेर अमरावतीचं. वडील मास्तर. मॅट्रिक झाले आणि अकोल्याच्या वकिलाशी लग्न झालं. मोठं घर, काळ्या जमिनीची वावरं, दारात बैलजोड्या. सासरे लवकर गेलेले, सगळा कारभार सासूबाईंच्या हातात. त्यांना वाईट म्हणू नकोस. मी म्हणत नाही. विधवा बाईनं जमीन राखली, मुलाला वकील केलं, आणि घराला लागून असलेली सरकी-ढेपेची लांब खोली रिकामी करून तिथं महिला मंडळ काढलं. त्यांच्यामुळे कितीतरी बाया मशीनवर बसायला शिकल्या. पण त्या घरातून मला दोनच वाटा होत्या. एक मागच्या दारानं विहिरीकडे, आणि दुसरी मधल्या दारानं मंडळात. तिसरी वाट नव्हती. डोक्यावरचा पदर आणि त्यांची नजर, दोन्ही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माझ्यावर असायची. नवरा? चांगला माणूस. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, आणि माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. ते कोर्टातून आले की मी पाण्याचा तांब्या द्यायचे. त्यांच्या बोटांचा स्पर्श झाला की मला काही वाटायचं नाही. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असेल. तुला सांगते, मी बराच काळ खरंच असं समजत होते.

मंडळाची चिटणीस मी. दाराशी फळा होता, त्यावर पुढच्या कार्यक्रमांची नावं मी खडूनं लिहायचे. सोमवारी शिवण. बुधवारी भजन. शुक्रवारी प्रौढ साक्षरता. भुलाबाईच्या दिवसांत गाणी, संक्रांतीला हळदीकुंकू. आणि गुरुवारी — वाचन.

गुरुवारी सासूबाई मठात प्रवचनाला जायच्या. खोली मोकळी असायची. वाचनाला कोण येणार? उन्हाच्या वेळी कोणी येत नसे. येत होतो आम्ही चौघी. लीला सरकारी दवाखान्यात नर्स होती. चंपा आमच्या शिवणवर्गाची बाई. दोघी एकाच खोलीत भाड्यानं राहायच्या आणि मावसबहिणी म्हणून सांगायच्या. तिसरी मी. चौथी तारा.

तारा मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. मूळची पातूरकडची. घर बौद्ध दीक्षा घेतलेलं, तिच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली पहिली मुलगी तीच. उंच, खांद्याला रुंद, आवाज घोगरा. साक्षरता वर्गाला शिकवणारी बाई हवी होती म्हणून सासूबाईंनीच तिला बोलावलं. त्यांचा मोठेपणा. पण तारासाठी कपबशी वेगळी ठेवायला त्यांनीच मला सांगितलं, आणि ती मीच ठेवायचे, खिडकीच्या कोनाड्यात. गुरुवारी ती कपबशी तिथंच राहायची. गुरुवारी सगळ्यांचे कप सारखे. पुढे मला स्वतःबद्दल बरं वाटून घ्यायचं असलं की मी हेच आठवायचे. बघ, माणूस कशाकशाचा आधार घेतो.

काय करायचो आम्ही गुरुवारी? काही नाही. खरंच काही नाही. चंपा चहा करायची. लीला चंपाच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची, आणि चंपा बोलता बोलता तिच्या केसांतून बोटं फिरवायची — दिवसाउजेडी, आमच्यादेखत. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी मान वळवली. मग पुन्हा पाहिलं. आणि उठून उगाच मशीनला तेल घातलं.

चंपा एकदा म्हणाली, "आपल्या जातीच्या बाया लय असतीन वं गावात. दिसत नाईत, एवढंच."

तारा खो खो हसली. "मायबाई! इथंबी जातच लागते का तुमाले?"

आम्हाला आमच्यासाठी शब्दच माहीत नव्हता, तर चंपा तरी काय म्हणणार? तो दिवस मला हसण्याचा म्हणून आठवतो. पुढच्या गुरुवारी काय करायचं हे ठरवणं, हाच अर्धा कार्यक्रम असायचा. तारा म्हणायची, पातूरची लेणी पाहायला नेते सगळ्यांना, भाकऱ्या बांधून घेऊ. लीला म्हणायची, सिनेमाला जाऊ. मी म्हणायचे, होय, जाऊ. कुठलं जाणार? मला मंडळापलीकडे पाय टाकायची मुभा नव्हती, आणि हे त्यांना माहीत होतं. तरी दर गुरुवारी नवा बेत व्हायचा, आणि मला विचारूनच व्हायचा.

माझा जीव तारावर कधी जडला? सांगता येत नाही. हातपंख्यानं स्वतःला वारा घेता घेता ती तो पंखा माझ्याकडे वळवायची, न बघता, बोलणं न थांबवता. त्यातच काहीतरी झालं असेल. मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही. पण तिला कळत होतं. आणि ती जपून राहायची — माझ्यासाठी, हे मला फार उशिरा समजलं. मी मोठ्या घरची सून, लहान पोर पदरात. ती हातभर लांब बसायची. नेहमी. हे लक्षात ठेव.

मग नाटक आलं.

मंडळाचं वार्षिक संमेलन होतं, कलेक्टरसाहेबांच्या बाईसाहेब पाहुण्या. सासूबाईंच्या एका मैत्रिणीनं छोटं नाटक लिहिलं होतं. शिकलेला नवरा आपल्या अडाणी बायकोला अक्षरं शिकवतो, एवढीच गोष्ट. बायको मी. नवरा कोण होणार? धोतर-कोट घालून उभं राहायला एकही बाई तयार होईना. तारा झाली. सासूबाईंनी वकीलसाहेबांचा जुना कोट दिला. तारानं तो अंगात घातला, आणि खोलीतल्या सगळ्या बाया हसल्या. मी हसले नाही.

नाटकात एक जागा होती. बायको पाटी घेऊन खाली बसते, नवरा मागून वाकून तिचा हात धरतो आणि अक्षर गिरवून घेतो. सगळ्यांसमोर. तालमीला. रोज. तिचा हात माझ्या हातावर, तिचा श्वास माझ्या मानेशी, आणि समोर बसलेल्या सासूबाई म्हणतात, "कुमुद, जरा लाज दाखव वं, नवीन नवरी हायस तू." लाज! मला लाज आणावी लागत नव्हती, लपवावी लागत होती. मी "अ" काढायचे आणि तो वाकडा यायचा. बाया म्हणायच्या, काय छान काम करते! लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि कुणीतरी माझा हात धरून आहे असं मला पहिल्यांदा वाटत होतं, तेही नाटकात, नवऱ्याच्याच कोटातून.

संमेलनाच्या आधीच्या शनिवारी रंगीत तालीम झाली. ती संपली, बाया गेल्या, मी आणि तारा मागे राहिलो सामान आवरायला. आणि मग —

त्या दुपारी काय झालं ते अकोल्यातल्या सगळ्या जुन्या बायांना माहीत आहे. विचारशील तर सांगतील. ती पातूरची मास्तरीण होती ना, तिनं वकिलाच्या सुनेला एकटं गाठलं, ओढलं, तिच्या तोंडाला तोंड लावलं. सासूबाई वेळेवर पोचल्या म्हणून बरं. सुनेच्या ओठांवर काजळ लागलं होतं, त्या मास्तरणीच्या मिशीचं. बिचारी सून, थरथरत होती.

ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली? मी.

आता खरी ऐक.

तारानं तालमीसाठी काजळाची मिशी रेखली होती. ती पुसायला मी पदराचं टोक ओलं केलं. ती म्हणाली, मी पुसते, द्या. मी दिलं नाही. तिच्यासमोर उभी राहून मीच पुसायला लागले. काजळ गालभर पसरलं. ती हसली, मी हसले. मग मी हसायची थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकली. म्हणाली, "कुमुदताई, दार उघडं हाय."

एवढंच म्हणाली. नको म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. मला सावध केलं. आणि मी म्हटलं, "राहू दे." राहू दे! ज्या घरात साधी खिडकी उघडताना मी दोनदा विचार करायचे, तिथं मी म्हटलं, राहू दे. मी पुढे झाले. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी. तिचे हात तिच्या बाजूलाच होते, कोटाच्या बाह्यांत. मग क्षणभरानं ते माझ्या पाठीवर आले. हलके. जसं पोराला थोपटतात तसे.

दारात सासूबाई उभ्या होत्या.

त्या ओरडल्या नाहीत. तारालाही काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "घरात चाल." मी गेले. मागे वळून पाहिलं नाही.

देवघरात त्यांनी मला बसवलं. दार लावून घेतलं. खसाच्या ताटीवर नुकतंच पाणी मारलेलं होतं, तो वास आला की मी अजून उठून दुसऱ्या खोलीत जाते. त्यांनी एकच विचारलं.

"कोनं सुरू केलं?"

मला काय काय दिसलं सांगू? माझी मुलगी दिसली, ओसरीवर चिंचोके खेळत होती. अमरावतीला परत पाठवलेली मी दिसले, वडिलांच्या दोन खोल्यांत. दारातून आत न येणारी माणसं दिसली. हे सगळं डोळ्यांपुढून जायला किती वेळ लागला असेल? सासूबाईंनी पुन्हा विचारलंही नव्हतं.

मी म्हटलं, "तिनं."

एकच शब्द. तेवढ्यावर मी थांबले असते तर? तर मी आज कदाचित तुला म्हटलं असतं की भीतीनं तोंडातून निघून गेला. पण मी थांबले नाही. सासूबाई नुसत्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि ते मला सोसवेना. मी न विचारता बोलले. म्हटलं, "पयल्यापासूनच तिची नजर तशी होती. मले भेव लागे." आणि म्हटलं — हे तर कुणी स्वप्नातही विचारलं नव्हतं — "लीला-चंपाबी तशाच हायेत. त्या बहिनी नाईत. गुरुवारी त्याच बलावत मले."

बघ. एकीचं नाव पुरेसं होतं. मी तिघींचं दिलं. का? कारण तिघी वाईट असल्या की मधे सापडलेली मी अगदीच निष्पाप ठरत होते. हे मला त्या क्षणी कळत होतं. पुरतं कळत होतं.

आणि आणखी एक मला कळत होतं. तेही सांगते, नाहीतर हे सगळं अर्धं राहील. माझं आणि ताराचं बोलणं समोरासमोर आलं तर खरं कुणाचं धरलं जाईल, हे मला माहीत होतं. ती कुठल्या वस्तीतली, मी कुठल्या घरातली. दुसरी एखादी असती, सासूबाईंच्या नात्यातली, तर मी इतक्या सहज बोलले असते? नसते. गुरुवारी ती वेगळी कपबशी कोनाड्यातच राहायची, याचा आधार घ्यायचे म्हणाले ना मी? त्या दिवशी मी त्याच कोनाड्यावर हात टेकून उभी राहिले.

सोमवारी मंडळाच्या कार्यकारिणीच्या बायांना बोलावलं. शिवणाच्या मशीनी भिंतीला सारल्या होत्या. तारालाही बोलावलं. ती आली, खांबाशी उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही. सासूबाई म्हणाल्या, देवघरात मला सांगितलंस ते सगळ्यांपुढे सांग. मी जमिनीकडे बघून सांगितलं. पुन्हा सगळं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं गेलं. असत्य दुसऱ्यांदा सोपंच जातं, तुझा अनुभव काय आहे?

सासूबाईंनी ताराला विचारलं, "खरं हाय हे?"

मी मान वर केली. मला वाटलं, आता ती बोलेल. आणि खोटं कशाला बोलू, मला क्षणभर वाटलंही की बोलावं तिनं, संपावं हे. ती माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. एखाद्या मुलीचं गणित चुकल्यावर बाई पाहतात ना, कुठे चुकलं ते शोधत, तसं. मग तिनं दाराकडे पाहिलं. तिथं माझी मुलगी येऊन उभी होती, बोट तोंडात घालून.

तारा म्हणाली, "ताई म्हनतात तसंच."

बायांत कुजबुज झाली. एक जण म्हणाली, "मी तवाच म्हनत होती. त्या वस्तीतल्या बाया म्हनजे..."

तारा तिच्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "माह्या वस्तीचं नाव घेऊ नका. जे हाय ते एकटीचं हाय. वस्तीचं त्यात काई नाई."

एकटीचं. खोट्याचं ओझं तिनं उचललं, ते उचलतानाही दुसऱ्या कुणावर त्याची सावली पडू दिली नाही. आणि मी? माझ्याच तोंडून निघालेल्या त्या दोन नावांचं काय? लीला-चंपांना घरमालकानं त्याच आठवड्यात खोली सोडायला लावली. लीलानं दूरच्या गावी बदली मागून घेतली. चंपाला तिचा भाऊ अंजनगावला घेऊन गेला. जायच्या आदल्या दिवशी ती मंडळात आपली कात्री न्यायला आली होती. मी आतल्या दाराआड उभी राहिले, ती जाईपर्यंत. चंपा हाक मारत होती, "कुमुदताई, कुठी हायस वं?" तिला अजून माहीत नव्हतं नाव कोणी घेतलं ते. नंतर कळलं असेल. त्या दोघी पुन्हा एका छपराखाली राहिल्या का, मला माहीत नाही.

ताराची शाळेतली नोकरी गेली. शाळा चालवणाऱ्या मंडळींत आमच्या घराण्यातले लोक होते. कारण सांगितलं नाही. ती आपली पेटी घेऊन अमरावतीला गेली असं मोलकरणीकडून कळलं.

तुला वाटेल नाटक रद्द झालं असेल. नाही. सासूबाई म्हणाल्या, नाटक झालंच पाहिजे, नाहीतर लोक तोंड उघडतील. नवऱ्याचं काम त्यांच्या भाचीनं केलं. तोच कोट. बाह्या लांब होत होत्या म्हणून आत दुमडल्या होत्या. मी पाटी घेऊन बसले, भाचीनं मागून वाकून माझा हात धरला, आणि मी "अ" काढला. सरळ, सुबक. टाळ्या पडल्या. बाईसाहेबांनी माझं कौतुक केलं. सासूबाईंनी घरी आल्यावर माझी दृष्ट काढली. मीठमोहरी चुलीत तडतडली. मी तिथं पाटावर बसून होते, आणि मला कळलं की आता या घरातून मला कुणी घालवणार नाही. कधीच नाही. मी सुटले नव्हते. मी आत राहायची जागा पक्की करून घेतली होती.

गुरुवारी मग सासूबाईंनी पोथीचं पारायण सुरू केलं. फळ्यावर तेही मीच लिहिलं.

त्यानंतर घरात माझा मान वाढला, हे ऐकायला तुला जड जाईल, पण खरं आहे. सासूबाई मला जास्त जपायला लागल्या. वकीलसाहेबसुद्धा. त्यांना काय सांगितलं गेलं होतं ते मी विचारलं नाही. कुठं जायचं तर सोबत माणूस. माहेरी जायचं तर सोबत माणूस. "आमच्या कुमुदवर कसला प्रसंग आला होता," असं कुणीतरी हळूच म्हणायचं, आणि मी खाली मान घालायचे. वर्षानुवर्षं मी ती मान खाली घालत राहिले. लोकांना ती सोसलेल्या बाईची वाटायची.

पुढची गोष्ट अमरावतीची. काही वर्षं गेली होती. वडील आजारी होते म्हणून मी माहेरी गेले होते. मुलगी सोबत, आता चांगली मोठी, पाचवी-सहावीतली. सकाळी आम्ही मायलेकी इतवाऱ्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो. मेथीच्या ढिगासमोर मी वाकलेली, आणि शेजारून तोच घोगरा आवाज आला. भाव करत होता.

मी पाहिलं. तारा. केसांत पांढरं दिसू लागलेलं, खांद्याला कापडी पिशवी, पायांत जाड वहाणा. सोबत तिच्याच वयाची एक ठेंगणी बाई, तिनं ताराच्या पिशवीचा एक बंद धरला होता, ओझं वाटून घेत. दोघी एकाच घरच्या आहेत हे त्या बंदावरून कळत होतं. तारानं मला पाहिलं. तिचा चेहरा उजळला. मी शपथेवर सांगते, उजळला. माझ्याकडे पाहून!

तिनं आधी मुलीकडे पाहिलं. वाकून म्हणाली, "केवढी झाली वं माय! नाव काय तुहं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "आई, ह्या कोण?"

सासूबाई त्या वेळी अकोल्यात होत्या. नवरा अकोल्यात. बाजारात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. त्या दिवशी मला कुणाची भीती होती? सांग ना. देवघराचं दार लागलेलं नव्हतं, समोर बायांची रांग नव्हती. "ही तारामावशी," एवढं म्हटलं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं.

मी म्हटलं, "आपल्या ओळखीच्या नाहीत. चल."

तारानं ते ऐकलं. ती सरळ उभी राहिली. मुलगी अजून तिच्याकडेच पाहत होती, तर ती मुलीला म्हणाली, "चुकली मी, बेटा. मले दुसरीच कोनी वाटली." आणि हसली, पोरीला ओशाळं वाटू नये म्हणून. मग तिच्या सोबतच्या बाईनं विचारलं, "कोन होती वं?" तारा म्हणाली, "कोनी नाई. चाल, ऊन होऊन राहिलं."

त्या दोघी गर्दीतून गेल्या. पिशवी दोघींच्या मधे होती. तारा उंच, म्हणून ती पिशवी तिरकी लोंबत होती, आणि ती ठेंगणी बाई काहीतरी बोलून हसत होती. मी पाहत राहिले, मेथीवाल्यानं हाक मारेपर्यंत.

देवघरातल्या त्या दुपारबद्दल मी स्वतःला बरंच काही सांगू शकते. पोर लहान होतं, घर तसं होतं, काळ तसा होता. बाजारातल्या सकाळबद्दल काय सांगू? तिथं कुणी मला धरून ठेवलेलं नव्हतं. दार कुणी बाहेरून नव्हे, मीच आतून लावलेलं होतं, इतक्या वर्षांत मला ते उघडायचं सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तर उघडलं असतं का, तेही माहीत नाही.

सासूबाई गेल्यावर मंडळ माझ्याकडे आलं. मी बरीच वर्षं अध्यक्षीण होते. शहरातल्या लोकांनी माझा सत्कारही केला, शाल-श्रीफळ. बोलताना मी म्हटलं, स्त्रीनं स्त्रीला आधार दिला पाहिजे. टाळ्या पडल्या.

तारा त्यानंतर अमरावतीला वस्तीतल्या बायांना शिकवायची, इतकं एकदा माहेरच्या शेजारणीकडून आपसूक कानावर आलं. शेजारीण पुढे सांगणार होती. मी विषय बदलला. ती किती दिवस शिकवत राहिली, ती ठेंगणी बाई शेवटपर्यंत तिच्यासोबत होती का, आज तारा आहे की गेली — हे सांगू शकतील अशी माणसं पुष्कळ होती. मी एकालाही विचारलं नाही.